सिंहांचा रस्ता

१७ सप्टेंबर १९६१, रविवार

मंडळाच्या गणपतीत आज रत्नाकरचं भाषण झालं. विषय, 'गोमंतकाची हाक'. रत्नाकर टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि आमच्या मंडळाचा चिटणीस. गोव्याच्या दिशेनं तो आयुष्यात एकदाच गेला, लग्नाला, आणि ते लग्न सावंतवाडीत होतं. तरी दीड तास बोलला. 'पोर्तुगीज सत्तेचा धगधगता अंधार' म्हणाला. टाळ्या पडल्या. अंधार धगधगतो कसा, हे विचारणारा या बंगळुरात एकही मराठी माणूस नाही. म्हणजे एक आहे, पण तो तिसऱ्या रांगेत बसून खिरापत खात होता.

अकरा वर्षं झाली मला इथं. एका संशोधन संस्थेत जर्मन आणि फ्रेंच शोधनिबंधांची भाषांतरं करतो, ज्यांना कुठलीच भाषा धड येत नाही अशा इंजिनिअरांसाठी. पुण्यात माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांची पुस्तकं निघाली. माझ्या नावावर एकही नाही. इथं लिहून ठेवायला हरकत नाही. ही वही कुणी वाचत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या विभागात बसवंत नावाचा कारकून आहे. खानापूरच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातला. घरी कानडी, बाहेर मराठीसारखं काहीतरी. राहतो आनेकलला, आईबरोबर, आणि रोज दोन तास बसमध्ये घामेघूम होऊन येतो. आज जेवणाच्या सुट्टीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं.

"सर, तुम्ही जुनी पुस्तकं बघताय म्हणून आणलो. आव्वाच्या पेटीत होतं. आम्ही पणजीत असताना तिथल्या बाईनं..."

"पणजी असो नाहीतर पाटणा. मोटर-चाचणीची फाइल कुठं आहे?"

तो फाइल आणायला गेला आणि मी फडकं सोडलं. चामड्याची बांधणी, वाळवीनं कोपरा खाल्लेला. लेखकाचं नाव असलेली पट्टी फाटून गेलेली. खाली छापलेलं ठिकाण लिस्बन, आणि रोमन आकड्यांत साल: सतरावं शतक संपायला चार वर्षं बाकी. गोवा शहराचं वर्णन. जुन्या गोव्याचं, जेव्हा ते शहर होतं, जंगल नव्हतं, तेव्हाचं! मध्ये घडी घातलेला नकाशा.

बसवंत परत आला तेव्हा मी पुस्तक मिटलेलं होतं. "विशेष काही दिसत नाही. राहू दे, सवडीनं बघतो."

हे खोटं होतं. पण खरं सांगितलं असतं तर त्यानं ते उद्या रत्नाकरच्या हातात दिलं असतं, आणि रत्नाकरनं त्याला हार घातला असता. पुस्तकाला.

१ ऑक्टोबर, रविवार

मराठीत भाषांतर करायचं ठरवलं. माझ्या नावावर. प्रस्तावना, टीपा, सगळं.

पोर्तुगीज मला येत नाही, पण फ्रेंच येतं, थोडं लॅटिन येतं. फ्रेंच येणाऱ्याला पोर्तुगीज म्हणजे शेजारच्या घरी जाणं. शुभदा म्हणाली, "छावणीतल्या चर्चमध्ये एखादा गोव्याचा पाद्री असेल, विचारा की." बायकोची ही सवय जुनी आहे, मीठ संपलं की शेजारी धावायचं. पाद्र्यापुढं वही घेऊन बसायला मी शाळकरी पोर नाही.

आज शहराच्या मुख्य रस्त्याचं वर्णन लागलं. गव्हर्नरच्या कमानीपासून निघतो, दुतर्फा दुकानं, सोनार, सराफ, घोडे. लोक त्याला म्हणतात 'रुआ दोस लेलोएस'. थोडा अडलो. मग लख्ख उजेड पडला. 'लेओ' म्हणजे सिंह. छापणाऱ्यानं मध्ये एक अक्षर जास्त घातलं आहे. सिंहांचा रस्ता! आफ्रिकेहून जहाजं येत, त्यांतून सिंह येत असणार. यावर अर्ध्या पानाची टीप लिहिली. चांगली उतरली आहे.

९ ऑक्टोबर, सोमवार

या रस्त्यावर रोज सकाळी, ऊन व्हायच्या आत, 'पेसास'चा बाजार भरे. फ्रेंच 'पिएस'. म्हणजे कापडाचं ठाण. मोझांबिकची ठाणं, कानडी मुलखातली ठाणं, बंगालची ठाणं. कानडी मुलखाच्या कापडव्यापारावर कुणीच लिहिलेलं नाही. हा शोध माझा.

लेखक मात्र गचाळ लिहितो. एके ठिकाणी 'उंच, मजबूत आणि चांगल्या दातांची ठाणं' म्हणतो. मी शुभदाला वाचून दाखवलं. ती गवार निवडत होती.

"कापडाला दात?"

"मागाच्या फणीला दात असतात. दाट विणीचं कापड, असा अर्थ."

"बरं," म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये काही नसतं.

पुढं 'कुंवार ठाणं' आली. म्हणजे कोरी, न धुतलेली. हे मात्र तिला विचारलं नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

बसवंतनं आज विचारलं, "सर, त्या लिव्राचं काय झालं?"

लिव्र, म्हणजे पुस्तक! माझ्याच तोंडून फ्रेंच शब्द ऐकून उचलला असणार. या लोकांचं असंच. कुठलाही शब्द कानावर पडला की टोपीसारखा डोक्यावर चढवतात, मापाचा असो वा नसो. म्हटलं, चाळतो आहे. तो म्हणाला, "असूंदे, असूंदे. तुमच्याकडं आहे म्हंजे नीट आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास बघून मला राग आला. का, ते कळलं नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी. मी टपाल टाकायला गेलो तेवढ्यात बसवंत फराळ घेऊन घरी येऊन गेला. जयनगरात आमच्या घरापुढं अजून मोकळे प्लॉट आहेत, तिथून तो जाताना लांबून दिसला. शुभदापाशी अर्धा तास बोलत बसला होता म्हणे. आल्या आल्या ती म्हणाली, "अहो, बसवंत सांगत होता, लहानपणी..."

मी हात वर केला. सुट्टीच्या दिवशी तरी कारकुनाचं बालपण नको.

त्याच्या आईनं दिलेल्या करंज्या होत्या. ओल्या नारळाच्या. चांगल्या होत्या, हे लिहायला हवं.

२० नोव्हेंबर, सोमवार

बसवंतचं अक्षर मोत्यासारखं आहे. देव दान देताना पात्र बघत नाही. पहिल्या वीस पानांची स्वच्छ प्रत त्याच्याकडून करून घेतो आहे, संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. त्याची शेवटची बस चुकू नये इतपत.

आज प्रत तपासताना दिसलं, 'सिंह' जिथं जिथं आला, तिथं समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह. 'ठाण'पाशीही.

"हे काय?"

"सर, मला वाटलं, तिथं जरा... लेलांव म्हंजे..."

"बसवंत, नक्कल करायची. अक्कल वापरायची नाही."

त्यानं खोडरबर काढलं आणि माझ्यासमोर एकेक चिन्ह पुसलं. सावकाश, कागद न चुरगाळता. मला ते बघत बसावं लागलं.

२० डिसेंबर, बुधवार

गोवा मोकळा झाला. काल रेडिओवर आलं. रत्नाकर सकाळीच पेढे घेऊन दारात. डोळ्यांत पाणी. हा माणूस रडतोसुद्धा व्याख्यान दिल्यासारखा. पण काम काढून आला होता. संक्रांतीला मंडळात गोव्यावर मोठा कार्यक्रम करायचा आहे.

"विद्याधरपंत, तुम्ही त्या विषयावर काही करताय असं वहिनी म्हणत होत्या."

मी पुस्तक दाखवलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "हे कुठं मिळालं?"

"मिळालं," म्हणालो.

आत शुभदाच्या हातून भांडं पडलं.

३१ डिसेंबर, रविवार

पुण्याच्या प्रकाशकाचं पत्र आलं. गोवा सध्या लोकांच्या तोंडी आहे, भाषांतर लवकर पाठवा, उन्हाळ्याच्या आत काढू. पत्र चार वेळा वाचलं. बावन्नाव्या वर्षी पहिलं पुस्तक.

एक अडचण आहे ती इथं नोंदवतो. सत्ताविसाव्या पानावर एका ठाणाचं वर्णन आहे. कानडी मुलखातलं. ते गातं, वाद्य वाजवतं, मुरंबा करतं. वाक्य तीनदा तपासलं. व्याकरण सरळ आहे, अर्थ लागत नाही. पुढचं पान उलटलं, परत याच पानावर आलो. मग ठरवलं, पाठ भ्रष्ट आहे. ते वाक्य गाळलं आणि तिथं तीन टिंबं दिली.

१४ जानेवारी १९६२, रविवार

झालं.

१६ जानेवारी, मंगळवार

परवा लिहवलं नाही. आज लिहितो.

चामराजपेठेतल्या हॉलमध्ये दीडशेच्या वर माणसं. बायकांची हळदीकुंकवाची गर्दी, पोरांच्या हातात तिळगूळ आणि इथले ते साखरेचे अच्चु. भाषणाला मंचावर तांब्या, घड्याळ, टेबलावर मखमलीवर पुस्तक. बसवंत शेवटच्या रांगेत होता. शेजारी इरकल नेसलेली काळी, वाळकी बाई. त्याची आई, यल्लव्वा. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. मनात म्हटलं, हिला यातलं काय कळणार.

मी चांगला बोलत होतो. नदी, धक्का, कमान. रत्नाकर मान डोलावत होता. मग सिंहांचा रस्ता आला. वजन यावं म्हणून मूळ पोर्तुगीज वाक्य मोठ्यानं वाचलं आणि सिंहांची टीप सांगितली. मागून हसू ऐकू आलं. बघतो तर यल्लव्वा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि बसवंत तिचा हात दाबत होता.

मी ठाणांकडं वळलो. कानडी मुलखाचं कापड, दाट वीण, फणीचे दात. 'चांगल्या दातांची ठाणं' हे मूळ शब्दही वाचून दाखवले.

हसणं थांबलं होतं. ती उभी राहिली होती.

"सायेब, सिंव्ह न्हवं ओ. लेलांव. लिलाव!"

लिलाव. आमच्या मराठीतला रोजचा शब्द. सरकारी जंगलाचा लिलाव, भांड्याकुंड्यांचा लिलाव. पोर्तुगिजांकडूनच आलेला असणार, पोरंसुद्धा जाणतात. तो शब्द चार महिने माझ्या तोंडात होता, आणि मी त्याला आयाळ लावून फिरवत होतो.

"आव्वा, बस," बसवंत कानडीत काहीतरी पुटपुटला. ती बसली नाही.

"आणि ठाणं कसली? पेस म्हंजे माणूस. विकायला हुबं केलेलं माणूस. घोड्यागत तोंड उघडून दात बघायचे. पणजीत आमच्या बाईच्या घरात एक म्हातारी होती, रोझा म्हणायचे तिला. तिच्या आज्जीला कारवारच्या अंगानं असंच आणलेलं. ती सांगायची, आज्जी म्हातारपणीसुदा कुणापुढं तोंड उघडायची न्हाई. जांभई आली तरी हात लावायची."

मला वाटलं, आता रत्नाकर उठेल आणि या बाईला अक्का-अक्का करून बाहेर नेईल. तो उठला, पण खुर्ची घेऊन मागं गेला आणि म्हणाला, "बाई, या. बसा." मग बसवंतला विचारलं, "तुम्हाला ही भाषा येते?"

"चार वर्षं शिकलो सर. पणजीत, लिसेवांत. आव्वा तिथं एका बाईच्या घरी कामाला होती, त्या बाईनं शाळंत घातलं. बाई गेली, मग आम्ही गावाकडं आलो."

रत्नाकरनं पुस्तक उचलून त्याच्या हातात दिलं. मला न विचारता. बसवंतनं माझ्याकडं बघितलं. परवानगी मागत होता! मी घड्याळाकडं बघत राहिलो. त्यानं ते पान वाचलं. ती भाषा कानाला कशी लागते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी वाचताना ती फ्रेंचचं तोंड वाकडं केल्यासारखी वाटे. मग थांबत थांबत, त्याच्या त्या मराठीत, त्यानं अर्थ सांगितला. 'कुंवार'पाशी आला तेव्हा समोर बसलेल्या बायका बघून तो अडखळला आणि ओळ सोडून पुढं गेला.

मी मागच्या दारानं निघालो. बसवंतनं हे ठरवून केलं. आईला पढवून आणली. दुसरं काही असूच शकत नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

रजेवर आहे. वरचं शेवटचं वाक्य आज शुभदाला बोलून दाखवलं. ती सहसा उलट बोलत नाही.

"ठरवून? दिवाळीला त्यानं मला सगळं सांगितलं होतं. म्हणाला, वहिनी, सरांना हळूच सांगा, माझ्या तोंडून बरं दिसत नाही. मी सांगायला आले तर तुम्ही हात वर केलात. त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या तर तुम्ही पुसायला लावल्यात. अजून काय करायचं होतं त्यानं? दवंडी?"

"मग तू तरी..."

"मी 'कापडाला दात?' म्हणाले होते," ती म्हणाली, आणि आत गेली.

२३ जानेवारी, मंगळवार

पुण्याला पत्र टाकलं. भाषांतर सदोष आहे, छापू नये. तीन ओळी. लिहायला सकाळ गेली.

२५ जानेवारी, गुरुवार

ऑफिसला गेलो. बसवंत उठून उभा राहिला, नेहमीसारखा. वाटलं होतं, आता ताठ होईल, इतर कारकुनांत हसेल. तसलं काही नाही. मोटर-चाचणीची फाइल समोर आणून ठेवली. नालायक माणसाचा सूड घेता येतो; या माणसाचं काय करायचं?

मी लुगड्याच्या त्याच तुकड्यात गुंडाळलेलं पुस्तक त्याच्यापुढं केलं. "घेऊन जा. तुझं आहे. मोलाचं आहे. पहिल्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं."

"मला ठाऊक आहे सर," तो म्हणाला. "किमतीचं आहे ते बाई पण सांगायची. म्हणून तर तुमच्याकडं आणलो."

"मग बोलला का नाहीस?"

तो थोडा घोटाळला. "तुम्ही मराठीत लिवणार होतात. मला वाचता येतंय, लिवता येत न्हाई तसलं. माझं मराठी छापायचं न्हवे की, सर."

मग म्हणाला, "मी वाचतो, तुम्ही लिवा. रविवारी सवड आहे काय?"

मी नाही म्हणणार होतो.

४ फेब्रुवारी, रविवार

आठ ग्रह एका राशीत आलेत म्हणून आज जग बुडणार आहे. आमच्या गल्लीत तीन घरी होम, धुरानं डोळे उघडवेनात. शेजारचे प्राध्यापक, विज्ञान शिकवतात, सकाळपासून उघड्या अंगानं जप करताहेत. आनेकलची बस रिकामी होती, म्हणून ही मायलेकरं वेळेआधी आली.

यल्लव्वा खुर्चीवर बसेना. भिंतीपाशी जमिनीवर बसली, तर शुभदाही तिच्याजवळ बसली. मला हे दोन्ही पसंत नव्हतं. मी टेबलाशी, समोर बसवंत, मध्ये पुस्तक.

जुन्या हस्तलिखितात 'ठाण' हा शब्द एक्केचाळीस वेळा होता. तो खोडत गेलो. खोडल्यावर वाक्यं राहतात तशीच, फक्त वाचवत नाहीत. फणीची टीप पानासकट फाडली. सत्ताविसाव्या पानावर आलो तेव्हा बसवंतनं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. आईकडं बघितलं.

"थांबू नको," ती म्हणाली. "वाच."

त्यानं वाचलं, खाली मान घालून अर्थ सांगितला. मी लिहून घेतलं आणि म्हणून दाखवलं: "कर्नाटदेशीया द्वादशवर्षीया क्रीत दासी, गायनवादनादी कलांत निपुण, पाककुशल, अक्षतयौवना, सुदती."

यल्लव्वानं विचारलं, "हे कोण?"

"ही... मुलगी. बाजारात उभी केलेली."

"मग तसं लिवा की. मला कळंना झालं, तर तिला कसं कळंल?"

मी सांगितलं, ती मुलगी मरून अडीचशे वर्षं झाली, तिला कळायचा प्रश्न नाही. आणि ग्रंथाची म्हणून एक भाषा असते. यल्लव्वानं ऐकून घेतलं. बसवंत पेन्सिलीकडं बघत होता. बाहेरच्या कर्ण्यावर मंत्र चालले होते.

मी ओळ खोडली आणि लिहिलं: 'कानडी मुलखातली एक पोर. वय बारा. गाते, वाजवते, मुरंबा करते. हिला कुणी हात लावलेला नाही, असं विकणारा ओरडून सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, तोंड उघड. ती उघडते.'

वाचून दाखवलं. यल्लव्वानं मान हलवली आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. शुभदा उठून कॉफी ठेवायला गेली. बसवंतनं पुढचं पान उलटलं.

वाक्यं तुटकी आहेत. 'पोर' हा शब्द ग्रंथात शोभत नाही. ते गेल्यावर 'कन्या' करायला म्हणून पेन उचललं होतं. नाही केलं.